प-ब ने सुरुवात करू नका: इंग्रजीतले कठोर आणि मृदू उच्चार मराठी मुलांना शिकवताना

सातवीचा वर्ग, दुपारचा पहिला तास. मी फळ्यावर प आणि ब लिहिले आणि मुलांना सांगितलं, दोन बोटं गळ्यावर हलकेच ठेवा, आधी ‘प’ म्हणा, मग ‘ब’. ‘प’ म्हणताना गळा शांत राहील, ‘ब’ म्हणताना थरथरेल. मुलांनी मन लावून केलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ प, ब, प, ब करून बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, दोन्हीला थरथरतंय.” मग मीही माझ्या गळ्यावर बोटं ठेवली. तिचं बरोबर होतं.

कारण साधं आहे. आपण ‘प’ म्हणतो तेव्हा तोंडातून प् आणि त्याला चिकटलेला अ असे दोन ध्वनी बाहेर पडतात. अ हा स्वर, आणि स्वर म्हणताना गळा थरथरणारच. बोटांना जाणवते ती अ ची थरथर. प् स्वतः इतका क्षणभर असतो की तो बोटाखाली सापडतच नाही. गळ्यावर हात ठेवण्याची युक्ती चांगली आहे, पण आपल्या बाराखडीत वाढलेल्या मुलाला ती प-ब वर करायला लावली की पहिल्याच मिनिटाला त्याचा विश्वास उडतो.

त्यानंतर मी हा पाठ पुष्कळदा मोडला आणि पुन्हा बांधला. आता ज्या क्रमाने शिकवते तो इथे देते आहे. पाचवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गासाठी तो आहे, आणि घरी मुलांचं इंग्रजी घेणाऱ्या पालकांनाही चालेल. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या कानावर चार वर्षं इंग्रजी पडलेलं असतं. पण उच्चाराकडे त्या चार वर्षांत कोणी मुद्दाम लक्ष दिलेलं असतंच असं नाही.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. मराठी मुलाला कठोर-मृदू (गळा शांत की थरथरता) हा फरक नव्याने शिकवावा लागत नाही. नाक आणि नाग, बाक आणि बाग, दात आणि दाद, काच आणि काज यांत आपलं तीन वर्षांचं पोरही गोंधळत नाही. इंग्रजी हाच फरक वेगळ्या जागी ठेवते, आणि त्या जागा दाखवणं हे आपलं काम. शब्दाच्या सुरुवातीला तो हवेच्या फुंकरीत असतो, शेवटी आधीच्या स्वराच्या लांबीत असतो, आणि स्पेलिंगमध्ये पुष्कळदा लपलेला असतो.

गळ्यात काय होतं, ते पाच मिनिटांत

गळ्याच्या पुढे जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या आत दोन स्वरतंतू असतात. ते एकमेकांपासून दूर असले की फुप्फुसातली हवा नुसती सरकून जाते आणि ध्वनी कठोर, म्हणजे अघोष होतो. ते जवळ आले की जाणारी हवा त्यांना थरथरवते: पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला शंभराहून थोडं जास्त वेळा, बाईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास, मुलांच्या त्याहून जास्त. हा मृदू, म्हणजे घोष ध्वनी. गळा मिटला की नाद आणि उघडला की श्वास, हे आपल्या प्रातिशाख्यकारांनी, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम लिहिणाऱ्यांनी, दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. युरोपातल्या अभ्यासकांना ही कल्पना नीट कळली ती एकोणिसाव्या शतकात संस्कृत ग्रंथ वाचल्यावर. वर्गात हे मी आवर्जून सांगते, कारण ‘आपला उच्चार गावठी’ असं मनात धरून बसलेली मुलं हे ऐकून सरळ बसतात.

प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत व्यंजनध्वनी 24 मोजतात. त्यांतले 15 घोष आणि 9 अघोष. आठ जोड्या आहेत: प-ब, ट-ड, क-ग, च-ज, फ-व्ह, स-ज़ (ज़ म्हणजे इंग्रजी झेडचा ध्वनी), श आणि ‘मेझर’ शब्दाच्या मधला ध्वनी, आणि ‘थिंक’ चा थ व ‘दिस’ चा द. नववा अघोष ध्वनी ह, त्याला जोडीदार नाही. ‘हात’ मधला आपला ह घोष असतो आणि इंग्रजीतला ‘हॅट’ चा ह नुसता श्वास असतो, पण त्याने समजण्यात काही अडत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नका.

मृदू-कठोर हे शब्द मुलांना मराठी व्याकरणातून ओळखीचे असतात. तेच वापरा. नवी इंग्रजी परिभाषा पाठ करून घेण्यात तास जातो आणि हाती काही लागत नाही.

पहिला तास: लांबवता येणारे ध्वनी

सुरुवात स ने करा. मुलांना सांगा, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा बारीक आवाज येतो तसा ‘स्स्स्स’ काढा, थांबू नका, शेवटी अ येऊ देऊ नका. आता जीभ, दात, ओठ जिथे आहेत तिथेच ठेवा आणि फक्त गळ्यातून गुणगुणा. ‘स्स्स्स’ चा ‘ज़्ज़्ज़्ज़’ होतो. कानाशी डास फिरावा तसा आवाज. जीभ हलली नाही, तोंड हललं नाही, तरी ध्वनी बदलला, हे मुलाला स्वतःच्या तोंडात कळलं की अर्धं काम झालं.

मग तपासण्या करा. गळ्यावर बोटं ठेवून तर कराच, पण माझा जास्त भरवसा कानांवर आहे. दोन्ही तळव्यांनी कान घट्ट झाकायला सांगा. ‘स्स्स्स’ म्हटलं तर डोक्यात फारसं काही घुमत नाही, ‘ज़्ज़्ज़्ज़’ म्हटलं की अख्खं डोकं घुमतं. ज्या मुलाला गळ्याची थरथर सापडत नाही त्यालाही हे सापडतं. दुसरी तपासणी सुरांची. ‘ज़्ज़्ज़्’ वर सा रे ग म म्हणता येतं, ‘स्स्स्’ वर कितीही जोर लावला तरी सूर चढत नाही. हे करताना वर्गात हसू फुटतं, फुटू द्या. तिसरी कुजबुजण्याची: शेजाऱ्याच्या कानात ‘आइस’ आणि ‘आइज़’ कुजबुजून सांगा, त्याला ओळखणं अवघड जाईल, कारण कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत आणि मृदू ध्वनीची एक मोठी खूण जाते.

त्याच तासात फ-व्ह ही जोडी घ्या. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवून हवा सोडली की ‘फ्फ्फ’, गुणगुणलं की ‘व्ह्ह्ह’. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत, नाहीतर तो व्ह झाला नाही. आपला मराठी व दात आणि ओठ यांच्यात फारसं घर्षण न होता निघतो, म्हणून ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्या तोंडी एकच होतात. दुसऱ्या शब्दासाठी ओठांचा चंबू करून ऊ पासून सुरुवात करायला सांगा: ‘ऊ-एस्ट’. हा काही कठोर-मृदूचा प्रश्न नव्हे, पण फ-व्ह शिकवताना तो समोर येतोच, तेव्हाच मिटवून टाकावा.

श ची जोडी तशीच काढा. ‘श्श्श’ करून गुणगुणा. हा ध्वनी इंग्रजीत मोजक्या शब्दांत येतो: ‘मेझर’, ‘प्लेझर’, ‘ट्रेझर’, ‘टेलिव्हिजन’, ‘डिसिजन’, ‘युज्वल’. दोन-चार शब्द म्हणून घ्या आणि पुढे चला.

थ-द बद्दल माझं मत स्पष्ट आहे. जीभ दातांमध्ये आणून दाखवा, एकदा करून घ्या, पण ‘थिंक’ ला मराठी थ आणि ‘दिस’ ला मराठी द म्हणणाऱ्या मुलाला अडवू नका. जवळपास सगळा भारत तसंच बोलतो आणि ते समजतं. एवढं मात्र पाहा की मुलं स्पेलिंग बघून कठोर-मृदू उलटं करत नाहीत. द, दॅट, दे, देअर, दोज़ असे वाक्याला जोडणारे छोटे शब्द मृदू. थिन, थ्री, थर्स्टी असे अर्थाचे शब्द कठोर. मदर, फादर, ब्रदर, अदर मधला मृदू. हे फळ्यावर तीन रकान्यांत लिहिलं की मुलांना लगेच दिसतं.

ज़ साठी एक पूर्ण तास राखून ठेवा

मराठी मुलाचा सगळ्यात मोठा अडथळा इथे आहे आणि सगळ्यात चांगली शिडीही इथेच आहे. फळ्यावर दोनदा ‘जून’ लिहा. एकदा ‘जून महिना’, एकदा ‘जून भेंडी’. वर्गाला मोठ्याने वाचायला सांगा. दोन्ही ज वेगळे आहेत हे कोणी सांगायच्या आधीच मुलं वेगळे म्हणतात. महिन्यातला ज तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे नेऊन म्हटलेला, भेंडीतला दंततालव्य, म्हणजे दातांच्या मागे. जहाज, जोर, जवळ, आज, वीज, गाजर, बाजू हे सगळे भेंडीवाल्या ज चे नातेवाईक. इंग्रजी ज़ या घराच्या अगदी शेजारी राहतो.

शेजारी, पण तोच नव्हे. ‘जोर’ म्हणताना जीभ सुरुवातीला क्षणभर दातांच्या मागे टेकते आणि मग सुटते. इंग्रजी ज़ ला जीभ टेकतच नाही, बारीक फट उघडी राहते, म्हणून तो श्वास संपेपर्यंत लांबवता येतो. मुलाला सांगा, ‘जोर’ मधला ज न तोडता लांबव. टेकत असेल तर लांबणार नाही. टेकायचं सोडलं की लांबतो, आणि तोच आपल्याला हवा असलेला ज़.

आता खरी अडचण. मराठीत इ, ई, ए यांच्या आधी भेंडीवाला ज सहसा येत नाही, तिथे तालव्यच येतो. माझा म्हणताना झ दंततालव्य, पण माझी म्हटलं की लगेच तालव्य. गाजर आणि भाजी म्हणून पाहा. त्यामुळे ‘झू’, ‘झोन’, ‘झूम’ म्हणताना मुलं सहज जमवतात, आणि ‘झीरो’, ‘झिप’, ‘झेब्रा’, ‘ईज़ी’, ‘बिज़ी’, ‘म्यूज़िक’, ‘व्हिज़िट’ आले की जीभ आपोआप टाळूकडे जाते: जीरो, ईजी, बिजी. हा आळस नव्हे, मातृभाषेचा नियम आहे. शिक्षकाला हे माहीत असेल तर तो शब्द योग्य क्रमाने देतो.

माझा क्रम असा. आधी शब्दाच्या शेवटी: इज़, वॉज़, न्यूज़, नोज़, बिकॉज़. ‘वीज’ आणि ‘आज’ म्हणणाऱ्या मुलाला हे अवघड नाहीत. मग अ, आ, उ, ओ च्या आधी: झू, झोन, रीज़न, थाउज़ंड. मग एक युक्ती. मुलांना भराभर ‘आज ईद, आज ईद’ म्हणायला सांगा. ‘आज’ चा ज आपल्या जागेवर राहतो आणि मागोमाग ई येते, म्हणजे मराठीत एरवी न येणारा ‘ज़ी’ तोंडातून निघून जातो. आता ‘आ’ मनात म्हणा आणि उरलेलं मोठ्याने: ‘ज़ीद’. मग ‘ज़ी’. मग ‘ज़ीरो’. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा एक मुलगा स्वतःशीच पुटपुटत पूर्ण तास झीरो, झीरो म्हणत बसला होता. ‘आज एक’ म्हणून ‘झेब्रा’ साठी हीच पायरी चढता येते.

वर्गात घरी उर्दू बोलणारी मुलं असतील तर तुमचं नशीब थोर. ज़िंदगी, ज़ेवर, नमाज़ी हे त्यांच्या रोजच्या तोंडचे शब्द. त्यांना पुढे बोलवा, ‘झीरो’ त्यांच्याकडून म्हणून घ्या, बाकीच्यांना त्यांच्या तोंडाकडे बघू द्या. भाषेच्या तासाला मागे बसणारं मूल त्या दिवशी वर्गाला शिकवतं.

दोन सावधगिरी. आपण झेड अक्षरासाठी झ लिहितो, त्यामुळे काही मुलं ‘झाड’ मधला हवेचा झोत ‘झू’ मध्येही घालतात. त्यांना पुन्हा ‘स्स्स’ कडे न्या, तिथून गुणगुणत आले की झोत जातो. आणि ज़ जमला की पुढचे आठ दिवस काही मुलं तो सगळीकडे लावतात: ‘ज़ॉब’, ‘मॅनेज़र’, ‘कॉलेज़’. तेव्हा परत जून महिना आणि जून भेंडी फळ्यावर आणा.

आधी कान, मग जीभ

ध्वनी तोंडातून निघाला म्हणजे तो ओळखता येतो असं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐकण्याचा खेळ घ्या. फळ्यावर दोन रकाने, एकात ‘प्राइस’, दुसऱ्यात ‘प्राइज़’ (अर्थात इंग्रजी स्पेलिंगमध्ये). तोंडासमोर वही धरून एकेक शब्द म्हणा. मुलांनी डोळे मिटून पहिल्यासाठी एक बोट, दुसऱ्यासाठी दोन बोटं दाखवायची. डोळे मिटणं महत्त्वाचं, नाहीतर सगळा वर्ग पहिल्या नंबराच्या मुलाकडे बघून बोटं ठरवतो. दहापैकी आठ वेळा बहुतेकांची बोटं बरोबर आली की पुढे जा.

जोड्या चांगल्या निवडा. आइस-आइज़, राइस-राइज़, पीस-पीज़, प्लेस-प्लेज़, बस-बज़. ‘लूस’ आणि ‘लूज़’ ही जोडी तर आपल्याकडे मुद्दाम घ्यायलाच हवी. सैल या अर्थाचा शब्द मराठीत ‘लूज’ म्हणून इतका रुळला आहे (स्क्रू लूज झाला, शर्ट लूज होतो) की मुलं इंग्रजीतही त्याला मृदू करून टाकतात. खरं तर सैल म्हणजे ‘लूस’, आणि हरवणं म्हणजे ‘लूज़’. स्पेलिंगमध्ये एका ओ चा फरक आहे, तिथेही गडबड होते ती याचमुळे.

शब्दाच्या सुरुवातीला: फुंकर

आता प-ब कडे या. वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी फाडा, ओठांसमोर चार बोटांवर लोंबती धरा आणि ‘पान’ म्हणा. पट्टी जेमतेम हलते. आता इंग्रजी बातम्या देणारी ब्रिटिश किंवा अमेरिकी बाई ‘पेन’ म्हणेल तसं म्हणा, पट्टी उडाली पाहिजे. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क नंतर इंग्रजीत हवेची फुंकर येते. आपल्या आज्या ‘फूल’ म्हणताना दोन्ही ओठ मिटून जो फ काढतात, तो या ध्वनीच्या पुष्कळ जवळ आहे.

हे का महत्त्वाचं? 1964 मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी अकरा भाषांमधले असे ध्वनी मोजले, त्यांत मराठीही होती. ओठ उघडल्यापासून गळ्याची थरथर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी तपासलं. इंग्रजी प मध्ये हा वेळ साठएक मिलिसेकंद भरतो. मराठी प मध्ये तो जवळपास शून्य. आणि इंग्रजांच्या तोंडच्या सुरुवातीच्या ब मध्येही तो पुष्कळदा शून्याच्या आसपासच असतो, कारण आपल्यासारखी ब च्या आधीपासूनची गुणगुण ते नेहमी करत नाहीत. म्हणजे आपला शुद्ध, स्वच्छ प त्यांच्या कानाला ब वाटू शकतो. माझा एक जुना विद्यार्थी फोनवर परदेशी ग्राहकांशी बोलायच्या नोकरीत होता. आडनाव पाटील सांगितलं की पलीकडून ‘बाटील’ असं परत विचारलं जायचं. त्याला वाटायचं लाइन खराब आहे. पट्टीचा प्रयोग त्याने दोन दिवस केला आणि प्रश्न मिटला. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांचं नेमकं उलटं होतं: त्यांच्या ‘पाणी’ मध्ये फुंकर शिरते आणि आजीला ते विचित्र वाटतं.

स च्या मागे ही फुंकर येत नाही. ‘पिन’ ला पट्टी उडते, ‘स्पिन’ ला उडत नाही. ‘टॉप’ आणि ‘स्टॉप’, ‘की’ आणि ‘स्की’ हेही करून पाहा.

भारतात भारतीयांशी बोलताना फुंकर नसली तरी काहीही बिघडत नाही. म्हणून मी हा भाग आठवीच्या खाली घेत नाही. मोठ्या मुलांना, विशेषतः मुलाखती आणि फोनची नोकरी समोर असणाऱ्यांना, तो द्यावाच.

शब्दाच्या शेवटी: स्वराची लांबी

‘बॅक’ आणि ‘बॅग’ म्हणायला आपल्या मुलांना त्रास नाही. नाक आणि नाग म्हणणारी जीभ आहे ती. अडचण ऐकण्यात येते. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस शेवटचा ग आपल्यासारखा ठसठशीत वाजवत नाही, त्याची थरथर अर्ध्यातच विझते. मुलं म्हणतात, “बाई, तो बॅकच म्हणाला.” तो बॅग म्हणालेला असतो, फक्त खूण आधीच देऊन गेलेला असतो: मृदू व्यंजनाच्या आधीचा स्वर लांबतो, कठोर व्यंजनाच्या आधीचा तुटक राहतो. फरक चांगला मोठा असतो, बऱ्याचदा दीडपटीच्या घरातला.

रबर बँड आणा. ‘बॅक’ म्हणताना ते जरासंच ताणायचं आणि सोडायचं, ‘बॅग’ म्हणताना हळू, लांब ताणायचं. कॅप-कॅब, सीट-सीड, राइट-राइड, लॉक-लॉग, फेस-फेज़ अशा जोड्या पाच मिनिटं करा. मग मोबाइलवरच्या शब्दकोशातला उच्चार ऐकवा आणि मुलांना रबराच्या ताणावरूनच शब्द ओळखायला लावा. मोठा बदल होतो तो इंग्रजी बातम्या आणि क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना. हे मुलं स्वतः येऊन सांगतात.

एस आणि ईडी: संधीचा नियम इथे कामाला येतो

व्याकरणाच्या तासाला मुलं शिकतात की अप् + ज = अब्ज, वाक् + विहार = वाग्विहार, विपद् + काल = विपत्काल. मृदू समोर आला तर कठोरही मृदू होतो, कठोर समोर आला तर मृदूही कठोर. इंग्रजी अनेकवचनाचा एस आणि भूतकाळाचा ईडी याच तत्त्वावर चालतात. फरक दिशेचा: संस्कृत संधीत मागून येणारा ध्वनी आधीच्याला बदलतो, इंग्रजीत आधीचा ध्वनी मागून येणाऱ्याला बदलतो.

मुलाला मूळ शब्द म्हणायला सांगा आणि शेवटच्या ध्वनीवर गळा तपासायला लावा. ‘कॅट’ कठोर संपतो, म्हणून ‘कॅट्स’. ‘डॉग’ मृदू संपतो, म्हणून ‘डॉग्ज़’. ‘बॉय’, ‘ट्री’ स्वराने संपतात आणि स्वर मृदूच, म्हणून ‘बॉइज़’, ‘ट्रीज़’. शब्दच स, ज़, श, च, ज अशा ध्वनीने संपत असेल तर दोघांमध्ये इ घालावी लागते: ‘बसिज़’, ‘वॉचिज़’. क्रियापदांच्या एस ला हाच नियम.

भूतकाळात मुलं लिहिलेलं वाचतात: ‘वॉकेड’, ‘आस्केड’, ‘लाइकेड’. त्यांना सांगा, ईडी चा ई फक्त ट किंवा ड नंतर वाजतो, ‘वाँटिड’, ‘नीडिड’. बाकी ठिकाणी तो गप्प. ‘वॉक’ कठोर, म्हणून ‘वॉक्ट’. ‘वॉश’ कठोर, म्हणून ‘वॉश्ट’. ‘प्ले’ मृदू, म्हणून ‘प्लेड’. स्पेलिंगमध्ये ड दिसतोय आणि उच्चार ट चा करायचा, हे पहिल्यांदा मुलांना पटत नाही. गळ्यावर बोटं ठेवून ‘वॉक्ड’ शुद्ध मृदू ड ने म्हणून दाखवा असं आव्हान द्या. क् वर गळा बंद, लगेच ड् साठी चालू, जीभ अडखळते. मग ‘वॉक्ट’ म्हणा. सोपं कोणतं ते जिभेलाच कळतं.

लपलेला ज़

एस अक्षर म्हणजे स, असं पहिलीत शिकवलेलं असतं. पुढे ते दुरुस्त करायचं राहून जातं. इज़, हॅज़, हिज़, दीज़, ईज़ी, बिज़ी, कझिन, हज़बंड, ट्यूज़डे, थर्ज़डे, या सगळ्यांत एस लिहितात आणि ज़ म्हणतात. यासाठी नियम शोधत बसू नका. भिंतीवर एक मोठा कागद लावा आणि वाचताना असा शब्द सापडला की ज्याला सापडला त्याने तो तिथे लिहायचा. आमच्या वर्गातला कागद दिवाळीपर्यंत भरतो. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ ही जोडी त्यात सर्वांत वर असू द्या. एका एफ च्या शब्दात एफ चा उच्चार व्ह होतो, हे मुलांना फार आवडतं.

एक नियम मात्र खरोखर कामाचा आहे: एकाच शब्दाचं नाम असेल तर शेवट पुष्कळदा कठोर, क्रियापद असेल तर मृदू. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूज़’ म्हणजे वापरणं. अ‍ॅडव्हाइस-अ‍ॅडव्हाइज़, एक्स्क्यूस-एक्स्क्यूज़, बिलीफ-बिलीव्ह, प्रूफ-प्रूव्ह. ‘क्लोस’ म्हणजे जवळ, हे नाम नव्हे, विशेषण, पण तेही कठोर; ‘क्लोज़’ म्हणजे बंद करणं. ‘प्लीज़ क्लोज़ द डोअर’ आणि ‘द वेल इज़ क्लोस टु द स्कूल’ ही दोन वाक्यं दाराशी जाऊन, विहिरीकडे हात दाखवून म्हणून घ्या. ‘प्रॅक्टिस’ ला हा नियम लावू नका. ब्रिटिश स्पेलिंग नाम आणि क्रियापदाचं वेगळं असलं तरी उच्चार दोन्हीचा कठोरच.

चूक दुरुस्त करायची कशी

मूल धीर करून इंग्रजी वाक्य बोलत असताना मध्येच थांबवून ‘ईजी नाही, ईज़ी’ म्हणू नका. पुढच्या वेळी ते बोलणारच नाही. आमच्याकडे एक खूण ठरली आहे: मी फक्त माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवते. बोलणारं मूल बघतं, शब्द पुन्हा म्हणतं आणि पुढे जातं. दिसलं नाही तर सोडून द्यायचं. एका तासात एकाच जोडीची दुरुस्ती करायची, बाकीच्या चुका त्या दिवशी माफ.

मोबाइलवर बोलून टाइप करण्याची सोय घरच्या सरावाला चांगली आहे, पण सुटा शब्द म्हणायचा. पूर्ण वाक्य म्हटलं तर मोबाइल आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहून दाखवतो. त्याने लिहिलेल्यावर गुण मात्र देऊ नका. त्याचाही कान चुकतो.

दोन आठवड्यांनी परीक्षा घ्या, पण लेखी नको. एका मुलाला दहा जोड्यांमधून निवडलेल्या दहा शब्दांची चिठ्ठी द्या. त्याने वर्गाकडे पाठ करून ते शब्द वाचायचे, पाच मुलांनी ऐकून लिहायचे. कोणते शब्द चुकून लिहिले गेले ते बघा. पाचही जणांनी चूक केली असेल तर वाचणाऱ्याच्या जिभेवर काम करा, एकानेच केली असेल तर त्या एकाच्या कानावर. दोन-तीन जण चुकले असतील तर चिठ्ठी ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या हातात द्या, पहिल्याला त्याच्या जागी बसवा आणि तेच दहा शब्द पुन्हा वाचून घ्या.